शाळा शंभर टक्क्यांवर कधी आली, यावर मास्तरांचं म्हातारपण ठरतं!

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात ज्याच्या घरात किंवा सोयऱ्यात एखादं शाळामास्तर नाही असं कुटुंब सापडणं कठीण, म्हणून म्हणतो, वाचा.

दिवाळीनंतरच्या मंडईत आमच्या संस्थेच्या दुसऱ्या शाळेतल्या मराठीच्या मॅडम भेटल्या. जिलेबीच्या दुकानापाशी उभ्या होत्या, नातू हातात. तब्येतपाणी झालं, पोराबाळांचं विचारून झालं. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, येत्या तीस जूनला रिटायर होतो आम्ही. तुमची पेन्शन सुरू आहे ना जी? आमचं काय होईल?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि ते देता न येण्यात माझाही थोडा हात आहे, म्हणून ही पोस्ट.

मी अनुदानित शाळेतला बाबू. १९८७ ला लागलो, अठ्ठावन्नला सेवानिवृत्त झालो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पेन्शन जमा होते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते, मी गेलो तर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. मॅडम १९९९ ला लागल्या. त्याच संस्थेत, त्याच अध्यक्षांच्या सहीने. दोन्ही शाळांची कागदं माझ्याच टेबलावरून जायची. फरक एवढाच, की माझी शाळा जुनी, शंभर टक्के अनुदानावर. त्यांची शाळा नवी, विनाअनुदानित. पहिली काही वर्षं महिन्याला हजार-दीड हजार मानधन, तेही सहा-सहा महिने थकलेलं. धान निघाल्यावर संस्थेकडे वर्गणी आली की मग वाटप व्हायचं. शाळा टप्प्याटप्प्याने अनुदानावर आली आणि शंभर टक्क्यांवर पोचली तेव्हा २००८ साल उजाडलं होतं.

आणि मधे, १ नोव्हेंबर २००५ ला, राज्य सरकारने जुनी पेन्शन बंद केली होती.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो, कारण हे प्रकरण मुळापासून समजल्याशिवाय नुसतं "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडून काही होत नाही. (मीही ओरडलो आहे. घसा बसला, बाकी काही नाही.)

खाजगी शाळा ही संस्थेची. संस्था धर्मादाय आयुक्ताकडे नोंदलेली, नफा न कमावणारी. आपल्याकडे सरकार पोचण्याआधी अशा संस्थाच पोचल्या. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी केली. आमगावला लक्ष्मणराव मानकर गुरुजींनी भवभूतीच्या नावाने शिक्षणाचं काम उभं केलं. त्या काळच्या भंडारा जिल्ह्यात हायस्कूल म्हणजे काय हे खेड्यातल्या पोराला अशा लोकांमुळे कळलं. सरकारला हे ठाऊक होतं. म्हणून सरकार म्हणालं, इमारत तुमची, कारभार तुमचा, पण शिकवणाऱ्याचा पगार आम्ही देतो. तेच अनुदान.

पण पगार दिला तरी पेन्शनचा प्रश्न राहिलाच होता. संस्थेच्या मास्तराला त्या काळी अंशदायी भविष्य निर्वाह निधी असायचा. म्हातारपणी एकदा गठ्ठा हातात, संपला की संपला. मग ४ नोव्हेंबर १९६८ चा शासन निर्णय आला. मान्यताप्राप्त अनुदानित खाजगी माध्यमिक शाळांतल्या कर्मचाऱ्यांना सरकारी पेन्शन लागू झाली, तीही १ एप्रिल १९६६ पासून. म्हणजे मागच्या तारखेपासून! हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

त्या निर्णयाचा अर्थ काय होता? एका खाजगी, ना-नफा मालकाच्या नोकराला सरकारने आपल्या पेन्शनीत घेतलं. तो सरकारी नोकर झाला म्हणून नव्हे. तो नोकर संस्थेचाच राहिला, हजेरी संस्थेची, मेमो संस्थेचा, निलंबन संस्थेचं. पण काम लोकांचं करतो, म्हणून म्हातारपण लोकांच्या तिजोरीतून. इतकं सरळ. पुढे १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आला, १९८१ ची नियमावली आली, त्यात पेन्शनचा नियमच घातला गेला. आमच्या ऑफिसात ती नियमावली इतकी चाळली जायची की बाइंडिंग सुटलं होतं, दोऱ्याने शिवून ठेवली होती.

आता २००५. ३१ ऑक्टोबरचा शासन निर्णय आला. १ नोव्हेंबर २००५ पासून जो नव्याने सेवेत येईल त्याला जुनी पेन्शन नाही, परिभाषित अंशदान योजना. दहा टक्के तुमचे, दहा टक्के सरकारचे. (पुढे ती राष्ट्रीय पेन्शन योजनेत गेली, सरकारचा वाटा चौदा टक्के झाला.) ठीक. नव्याने येणाऱ्याला येतानाच माहीत आहे. पटो न पटो, फसवणूक नाही.

पण मॅडम नव्याने आल्या होत्या काय? १९९९ ला लागल्या, २००० ला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळाली. जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, सही आहे. सरकारच्या दृष्टीने त्या सेवेत कधी आल्या? आम्हाला वाटलं, १९९९ किंवा फार तर २०००. सरकार म्हणालं, नाही. २९ नोव्हेंबर २०१० च्या शासन निर्णयाने गोष्ट अशी ठरवली, की १ नोव्हेंबर २००५ ला तुमची शाळा शंभर टक्के अनुदानावर असेल तर जुनी पेन्शन. शाळा वीस टक्क्यांवर, साठ टक्क्यांवर, अगदी ऐंशी टक्क्यांवर असेल तरी नवी योजना.

थोडं थांबून हे वाक्य पुन्हा वाचा. ऐंशी टक्के पगार सरकार देत होतं. मान्यता सरकारने दिली होती. पोरं सरकारच्या बोर्डाची परीक्षा देत होती, निकाल लागत होता. तरीही मास्तर "सेवेत" नव्हते, कारण उरलेले वीस टक्के सरकारने अजून मंजूर केले नव्हते. ते मंजूर करणं कोणाच्या हातात होतं? मॅडमच्या? संस्थेच्या? ते सरकारच्याच हातात होतं बाप्पा. फाईल ज्याच्या टेबलावर उशिरा हलली त्याचं काही गेलं नाही. पेन्शन मॅडमची गेली.

माझा वाटा आता सांगतो. २०१० संपता संपता नव्या योजनेचे फॉर्म भरून घ्यायचे आदेश आले. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, सही केली तर जुन्यावरचा हक्क जाईल का जी?" मी म्हटलं, "करा सही, नाहीतर पगार अडकेल. पुढे होऊन जाईल सगळं." त्यांच्या नावाने आधी भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडलेलं होतं, ते बंद झालं. मी तेव्हा जे बोललो ते खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं. पण आता पंधरा वर्षं होतील. नवीन योजनेत कपात व्हायला लागली, तिच्या हिशेबाची चिठ्ठी वर्षानुवर्षं आली नाही, मॅडम दर एप्रिलला विचारायच्या आणि मी दर एप्रिलला "येईल" म्हणायचो.

फरक किती पडतो ते ढोबळ सांगतो. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार ऐंशी हजार. जुन्या नियमाने पेन्शन त्याच्या निम्मी, सुमारे चाळीस हजार, आणि भत्त्याबरोबर वाढती. नव्यात समजा पंचवीस लाख जमा झाले. साठ टक्के, म्हणजे पंधरा लाख हातात. उरलेल्या दहा लाखांची ॲन्युइटी घ्यावी लागते. सहा टक्के धरा, महिन्याला पाच हजार. न वाढणारे पाच हजार. कोणी म्हणेल, पंधरा लाखांचं व्याज धरा की! धरतो. तरी पंचवीस लाखांवर सहा टक्क्यांनी साडेबारा हजारच होतात. आणि ते पंधरा लाख कोणाच्या घरात तसेच राहतात? पोरीचं लग्न, घराचं छत, दवाखाना. आपल्याकडे नागपूरला एकदा भरती व्हावं लागलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट अजून टोचते. राज्याने २ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय काढला. ज्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती, पण ते रुजू नंतर झाले, त्यांना एकदाच विकल्प देऊन जुनी पेन्शन घेता येईल. मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा सुमारे २६ हजार जणांना फायदा होईल असं सांगितलं होतं. चांगला निर्णय आहे, मी विरोधात नाही. पण हिशेब बघा. २००५ च्या उन्हाळ्यात जाहिरात वाचून २००७ ला रुजू झालेला कारकून जुन्या पेन्शनमध्ये. १९९९ पासून वर्गावर उभी असलेली बाई बाहेर. एकाला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची तारीख पुरली. दुसरीला सहा वर्षांची हजेरी पुरली नाही. कारण एकाचा मालक सरकार, दुसरीचा मालक संस्था.

हेच मला म्हणायचं आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे. पेन्शनमध्ये संस्थेला घेऊच नका. माणसाला घ्या. संस्थेचा दर्जा काय, तिला किती टक्के अनुदान, तिची तुकडी कोणत्या वर्षीची, हे संस्थेचे प्रश्न आहेत. माणूस सेवेत कधी आला हा माणसाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सरकारच्याच जावक रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे.

आता दुसरी बाजू. ती मी सांगितली नाही तर कॉमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो.

पहिलं, कोर्ट. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निकाल आमच्या लोकांच्या विरोधात गेला. शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती तर जुन्या पेन्शनचा हक्क नाही, असा त्याचा गाभा. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात नेलं गेलं. निकालाचा आदर आहे. पण कोर्टाने नियम काय सांगतो ते सांगितलं. नियम बदलू नका असं काही कोर्टाने सरकारला सांगितलेलं नाही. मागच्या तारखेपासून पेन्शन देता येते हे सरकारने १९६८ लाच करून दाखवलं होतं. आणि नियम उलट दिशेने वळवायचा प्रयत्न सरकारनेच करून पाहिला. १० जुलै २०२० ला १९८१ च्या नियमावलीत दुरुस्तीचा मसुदा काढला, म्हणजे अनुदानित म्हणजे शंभर टक्केच, हे मागच्या तारखेपासून पक्कं करायचं. हरकतींचा इतका पाऊस पडला की ते मागे घ्यावं लागलं. मागच्या तारखेपासून काढून घ्यायला कायदा चालतो, द्यायला चालत नाही, हे कोणतं गणित?

दुसरं, पैसा. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं, की जुनी पेन्शन लागू केली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. आकडा खोटा म्हणणार नाही. पण तो सगळ्यांना दिली तर! मी ज्यांचं बोलतोय तो गट बंद आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी मान्यता मिळालेला नवा माणूस आता जन्माला येणार नाही. बाविसाव्या वर्षी लागलेला सगळ्यात तरुण असला तरी २०४१ च्या आसपास शेवटचा सेवानिवृत्त होईल. शिवाय २०२४ च्या विकल्पात केलं तसं यांच्या खात्यात सरकारने भरलेला वाटा व्याजासह तिजोरीत परत घेता येतो. म्हणजे पूर्ण बोजा नव्हे, काही भाग.

तिसरं कारण कोणी उघड बोलत नाही, पण मंत्रालयातल्या माणसाच्या डोक्यात तेच असतं, आणि मी बाबू असल्याने मला ते पटतं. ते म्हणजे खोटे कागद. संस्थाचालक नेमणुकीचा आदेश कोणत्याही तारखेचा काढू शकतो. लेटरहेड त्यांचं, सही त्यांची. नातेवाईकाला २००४ चा आदेश देऊन बसवला तर? असं होत नाही असं म्हणायला मी काही भोळा नाही. नेमणुकीसाठी काय काय द्यावं लागायचं तेही सगळ्यांना माहीत आहे, अर्धा एकर धान विकून लागलेली पोरं मी पाहिली आहेत. म्हणून मी नेमणुकीच्या तारखेपासून पेन्शन द्या असं म्हणतच नाही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेच्या तारखेपासून द्या. मान्यता संस्था देत नाही, सरकारचा अधिकारी देतो. तिचा जावक क्रमांक त्याच्या कार्यालयातल्या रजिस्टरशी जुळवून बघता येतो. जुळला तर द्या, नाही जुळला तर चौकशी करा. १९९९ ची सेवा सोडून २००० ची धरली, तरी मॅडम तक्रार करणार नाहीत.

काही संघटनांना हे आवडणार नाही, त्यांना पहिल्या दिवसापासूनच पाहिजे. भाऊ, पंधरा वर्षं आपण सगळं मागतोय, आणि वर्गणीच्या पावत्यांशिवाय हातात काय आहे?

निवडणुकीचंही पाहून झालं. ३० जानेवारी २०२३ ला नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघात मतदान झालं. गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत मास्तर लोक पेन्शनच्या नावावर मत द्यायला रांगेत होते. दोन वेळा आमदार राहिलेले नागो गाणार हरले, सुधाकर अडबाले निवडून आले. मार्चमध्ये राज्यभर संप झाला, आठवडाभर चालला, समिती बसली. त्यातून शासकीय कर्मचाऱ्यांच्या पदरात काही ना काही पडत गेलं. आमचे अंशतः अनुदानितवाले मोर्च्यात सगळ्यात मागे चालत होते आणि ताट वाढतानाही शेवटी राहिले.

कोणी म्हणेल, आता तर एकीकृत पेन्शन आली आहे, केंद्राची, राज्यानेही ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केली, मग कशाला रडता? त्यात पूर्ण पन्नास टक्क्यांसाठी पंचवीस वर्षांची सेवा लागते. मॅडमची सेवा २००८ पासून मोजली तर अठराच्या आत-बाहेर. २००० पासून मोजली तर पंचवीस पूर्ण. योजना कोणतीही आणा, नाव कोणतंही द्या, प्रश्न तोच राहतो. मोजायला सुरुवात कुठून करायची?

बरं, संस्थांना मी सोडतोय असं समजू नका. माझं मीठ संस्थेचंच आहे, तरी बोलतो. शैक्षणिक संस्थांना कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९८२ पासून लागू आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर विनाअनुदानित काळातही मास्तरांचा पीएफ भरायला हवा होता. किती संस्थांनी भरला? वीसच्या खाली दाखवायचे, किंवा मानधन म्हणून व्हाउचरवर द्यायचे. त्यामुळे माणूस दोन्हीकडून गेला. पीएफवाल्यांच्या दारात गेला तर तिथे नाव नाही, सरकारच्या दारात गेला तर शाळा ऐंशी टक्के. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन महिन्याला हजार रुपये आहे, त्यासाठीसुद्धा म्हातारे लोक मोर्चे काढतात. पण हजार तरी आहेत! मॅडमच्या पहिल्या नऊ वर्षांचे शून्य आहेत. ग्रॅच्युइटीचा कायदा खाजगी शाळेतल्या शिक्षकांना लागू आहे, ३ एप्रिल १९९७ पासून, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो कायम ठेवला. हे आपल्या जिल्ह्यातल्या किती विनाअनुदानितवाल्यांना माहीत आहे?

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर काय करतात ते वाचलं, म्हणून सांगतो. तिथे नगरपालिका, कौन्सिल यांच्या नोकरांसाठी लोकल गव्हर्नमेंट पेन्शन स्कीम आहे. कौन्सिलचं एखादं काम धर्मादाय संस्था करत असेल तर त्या संस्थेच्या माणसांनाही त्या निधीत घेता येतं. पण आधी लेखी करार होतो. संस्था दरमहा किती भरणार ते हिशेबतज्ज्ञ ठरवतात. संस्था बुडाली तर कोण भरणार, कौन्सिल हमी देणार की संस्थेने बाँड ठेवायचा, तेही बहुतेक आधीच लिहिलं जातं. बाहेर पडताना बाकी राहिली तर चुकती करायची. तिथे सगळं गोड आहे असं नाही, छोट्या संस्थांना ती रक्कम जड जाते म्हणून ओरड असतेच. पण भांडण मालकांमध्ये होतं, सरकार आणि संस्था यांच्यात. आपल्याकडे १९६८ ला दार उघडलं तेव्हा खर्च सगळा सरकारचा आणि संस्थेवर काहीच जबाबदारी नाही अशी रचना झाली. तोवर चाललं. सरकारला खर्च जड झाला तेव्हा त्याने संस्थेला काही विचारलं नाही, सरळ कर्मचाऱ्याला बाहेर काढलं.

आपल्याकडे सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या काही शाळा अजून टप्प्यातच अडकल्या आहेत. २००९ मध्ये "कायम विनाअनुदानित" मधला "कायम" शब्द गेला, मग मूल्यांकन, मग वीस टक्के, मग चाळीस. आझाद मैदानावर किती वेळा बसले असतील ते लोक, त्यांनाच माहीत. त्यांचं तर जुन्या पेन्शनचं नावही नाही, बहुतेक जण २००५ नंतरचे. पण त्यांच्यासाठी तरी आतापासून नियम करता येईल ना? मान्यता दिली त्या महिन्यापासून पेन्शन खातं उघडायचं. सरकार जेवढे टक्के पगार देतं त्यावरचा वाटा सरकारने भरायचा, उरलेल्यावरचा संस्थेने. संस्थेला झेपत नसेल तर तिने तुकडी मागू नये. हे बोलल्यावर आमच्या माजी अध्यक्षांचा फोन येईल, येऊ दे.

मॅडमच्या प्रश्नावर परत येतो. जूनपर्यंत काही बदलेल असं मला वाटत नाही. खोटा धीर एकदा देऊन झाला आहे, पुन्हा देणार नाही. पण ज्यांची मान्यता १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आहे, अशा आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यांना एक काम सांगतो, आणि ते बाबू म्हणून सांगतो. आपल्या वैयक्तिक मान्यतेचा मूळ आदेश शोधा. शाळेच्या सेवापुस्तकात त्याची नोंद आहे का ते पाहा, नसेल तर मुख्याध्यापकाकडून आत्ताच करून घ्या. शिक्षणाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून त्या वर्षीच्या जावक रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत मागा. जुनी रजिस्टरं वाळवी खाते, पावसाळ्यात भिजतात, कार्यालय हलवताना गहाळ होतात. उद्या नियम बदलला, किंवा कोर्टाने काही वेगळं म्हटलं, तर पुरावा मागतील तो हाच. त्या दिवशी कागद नसेल तर २००० सालची मान्यता तोंडी कोणी मानणार नाही. जे सेवानिवृत्त झाले त्यांनीही करा. जे गेले त्यांच्या घरच्यांनी करा.

नव्या योजनेतल्या कपातीचा हिशेबही मागा. सुरुवातीच्या वर्षांतली कपात आणि सरकारचा वाटा दोन्ही खात्यात दिसतात का, महिनावार जुळवून बघा. पगारपत्रकं शाळेत असतात. बाबू टाळाटाळ करत असेल तर त्याला चहा पाजा, मग करतो. माझा अनुभव आहे.

मंडईहून परतल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. निवृत्तीच्या वेळी काही झेरॉक्स घरी आणून ठेवल्या होत्या, नियमात बसत नाही पण ठेवल्या. मॅडमच्या मान्यता आदेशाची प्रत त्यात निघाली. कागद पिवळा पडला आहे, एका कोपऱ्यावर उंदराने दात मारले आहेत. जावक क्रमांक मात्र नीट वाचता येतो. उद्या सकाळी त्यांच्या गावाला जाऊन देऊन येतो.